काळ्या डोंगराचं गवत आणि नामगुंगचं आडनाव

१

"त्या डोंगरावर छुसॉकच्या सणाला गवत उभं दिसलं, तर मी माझं आडनाव बदलीन," नामगुंग म्हणाला आणि कोंबडीच्या रश्श्यात डाव आपटला.

आमच्या थानगोलमध्ये हे वाक्य उठताबसता ऐकू येतं. बस वेळेवर आली तर आडनाव बदलीन, तुझ्या पोराचं लग्न जमलं तर आडनाव बदलीन. खरं कोणी बदलत नाही. बापजाद्यांचं आडनाव सोडण्यापेक्षा भर बाजारात चड्डी सोडलेली बरी, असं आमच्याकडे मानतात. पण हे त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं. मी प्यो मानगिल. कोळशाच्या विटा घरोघर पोचवतो, जळलेल्या विटांची राख उचलतो, आणि लोकांचे शब्द त्यांच्याच गळ्यात अडकवून मजा बघतो.

"कुठलं घेशील?" मी विचारलं.

"काय कुठलं?"

"आडनाव रे. बदलून कुठलं घेशील?"

खानावळीतले सगळे चावायचे थांबले. नामगुंग पिलदो हा आमचा सरपंच, ह्या खानावळीचा मालक, आणि अख्ख्या खोऱ्यात असलं राजेशाही आडनाव असलेला एकटा माणूस. ते तो पाटीवर सोनेरी रंगात लिहितो. बाकी निम्मं गाव किम आहे.

"किम घे," मी म्हटलं. "साधं, सुटसुटीत."

"घेतो. आणि तू हरलास तर?"

"तर वर्षभर तुला सगळ्यांसमोर दादा म्हणीन."

तो माझ्याहून एका वर्षानं मोठा आहे आणि मी जन्मात त्याला दादा म्हटलेलं नाही. त्यानं लगेच हात पुढे केला.

कोपऱ्यात जिन सुकयॉन खाली मान घालून जेवत होती. ती डॉक्टर, पण सुई टोचणारी नव्हे, मातीतली. ते गवत तिचंच होतं. "माझ्या नोकरीवर पैज लावताय," ती म्हणाली, "निदान माझं बिल तरी द्या." मी दिलं.

काळा डोंगर म्हणजे कोळसा काढताना बाजूला फेकलेला दगड. आमच्या बापांनी फेकला, मग आम्ही फेकला. खाण बंद झाली, कंपनी आपला बोर्ड काढून घेऊन गेली, डोंगर तेवढा ठेवून गेली. पाऊस पडला की त्यातून आंबट पाणी पाझरतं आणि ओढा नारिंगी होतो. शाळेतली पोरं चित्रात ओढा नारिंगीच रंगवतात. त्यांना वाटतं पाण्याचा रंगच तो.

जिन डॉक्टरनं ह्या डोंगरात आपली सगळी उमर घातली. विद्यापीठात ती तासांवर शिकवायची, पक्की नोकरी कोणी दिली नाही. तिचे गुरू प्राध्यापक गु ह्योनताक. हिनं नखं काळी करायची, आणि छापून आलं की वर नाव गु सरांचं. शेवटी तिला कृती सापडली. जळक्या विटांची राख, चुना आणि अळंबीच्या शेडमधला टाकाऊ भुसा. सगळं गावातलं, जवळजवळ फुकट. तिथंच घोडं अडलं. फुकटातून नफा कसा काढणार? म्हणून गु सरांनी एका कंपनीशी भागी करून जंतूंच्या गोळ्या काढल्या, सोन्याच्या भावाच्या. सरकारी समिती म्हणाली, दोन्ही लावून दाखवा, सणाआधी येऊन बघतो. ज्याचं उगवेल त्याच्या पद्धतीनं सगळे डोंगर झाकू. जिनचं नाही उगवलं, तर तिचे तासही बंद.

डोंगराच्या माथ्यावर एका रांगेत सहा वाफे घातले. तीन राखेचे, तीन गोळ्यांचे, मुद्दाम सरमिसळ. गोल, उंच, लांबून आमच्याकडची मातीच्या ढिगाची थडगीच वाटायची. नंबरांच्या पाट्या मी रंगवल्या. त्या बघून जिन डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "मानगिलभाऊ, हे काय केलंत?" मग तिलाच हसू आलं आणि पाट्या तशाच ठोकल्या.

सण जवळ आला तसे राखेचे तिन्ही वाफे गुडघाभर हिरवे झाले. गोळ्यांच्या वाफ्यांवर म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखे मोजके केस. मी रोज सकाळी खानावळीसमोर गाडी थांबवून ओरडायचो, "काय किमसाहेब, उठलात का?"

मग धुकं आलं.

२

धुकं यायच्या आधी जिननं सहाही वाफ्यांवरचं गवत कापून वजन केलं होतं. असं करावं लागतं म्हणे. सगळे वाफे सारखेच बोडके दिसायला लागले. सणाआधी थडग्यांवरचं गवत कापायची आमच्यात रीतच आहे, तेव्हा गावानं भरपूर थट्टा करून घेतली.

"पुन्हा वाढेल," ती म्हणाली. "मुळं जिवंत आहेत."

धुकं असं की गाडीचा पुढचा दिवा दिसेना. वर कोणी गेलं नाही. ते उठलं तेव्हा मी तिच्याबरोबर राखेची पोती घेऊन चढलो. टोकाच्या सात नंबरच्या पाटीला पोती टेकवली आणि वळून पाहिलं, तर ती पहिल्या वाफ्यापाशी गुडघ्यांवर बसली होती.

पहिला मेला होता. नुसता सुकलेला नाही, भाजल्यासारखा तपकिरी. तिसरा तसाच. तिसऱ्याच्या शेजारचाही तसाच. माती वरून ओलसर, चिकट, कडेनं पांढरट. दुसऱ्यावर आणि शेवटच्यावर गोळ्यांचे तेच मरतुकडे केस. आणि पाचव्या वाफ्यावर, त्या पोत्यांच्या अलीकडे, बोटभर हिरवंगार नवं गवत.

जिननं मूठभर माती घेतली, हुंगली आणि फेकून दिली. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं एक असली शिवी हासडली की मी खाणीतसुद्धा ऐकली नव्हती.

"कोणीतरी टाकलंय काहीतरी," ती म्हणाली. "हे मेलं नाही, मारलंय."

तिनं गु सरांना फोन लावला. वाऱ्यात नीट ऐकू येईना म्हणून आवाज मोठा केला, तर मीही कान लावला. ती एवढंच म्हणाली, "सर, वाफे मेलेत."

"अरेरे," तिकडून मऊ आवाज आला. "तुझे तिन्ही गेले? वाईट वाटलं गं. पण मी पहिल्यापासून सांगत होतो, राखेनं आणि भुशानं का कुठं जंगल उगवतं? आता असं कर, प्रयोग फसला म्हणून लिहून दे. समितीचं मी बघतो. तुझ्या तासांचंही बघतो."

"मी लिहून देणार नाही, सर."

"सुकयॉन, ह्या वयात हट्ट शोभत नाही."

फोन बंद झाला. मला राग आला की मी हसतो, ती माझी खोड आहे. त्या दिवशी उतरताना मी इतका हसलो की जिननं विचारलं, तुम्हाला दम्याचा त्रास आहे का.

खाली आलो तर गावात आरडाओरडा चालू होता. वाफे मेल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती आणि गुन्हेगारही ठरला होता.

३

ग्वाक आजींच्या दाराशी दहाबाराजण जमले होते. पुढे नामगुंग, हात कमरेवर.

"मीठ टाकते ना म्हातारी," तो म्हणाला. "अख्ख्या गावानं बघितलंय."

हे खरं होतं. नकोसा पाहुणा गेला की त्याच्या मागं मीठ फेकायची आमच्यात पद्धत आहे. आजी जरा जास्तच करायच्या. कंपनीचा माणूस आला, मीठ. गोळ्यांची गाडी आली, मीठ. एकदा तर हवामान खात्याच्या माणसावरही टाकलं.

"आजी," जिननं सरळ विचारलं, "वर जाऊन मीठ टाकलंत?"

आजींनी तिला आत बोलावलं आणि आमच्या तोंडावर दार ओढलं. मी मागच्या दारानं गेलो. मला आडवं कोण येणार?

"माझा माणूस त्या डोंगराखाली आहे," आजी सांगत होत्या. "खाण बसली तेव्हा आतच राहिला. कंपनी म्हणाली काढायला परवडत नाही. वरून दगड ओतत राहिली. सगळ्यांची माणसं गवताखाली झोपलीत. माझ्याच माणसाच्या डोक्यावर काळा दगड. गवत नाही त्या थडग्याला काय म्हणतात गं?"

"बेवारस," जिन हळू म्हणाली.

"तू पहिल्यांदा तिथं गवत उभं केलंस. आणि मी त्यावर मीठ टाकू? मी मीठ टाकते ते वाटेवर, त्या मेल्यांच्या पावलांवर." मग मला बघून, "आलास का चोरा मागनं. बस. जेव."

त्यांनी माझ्या वाडग्यात भात घातला. एक डाव, दोन, तीन. तिथं हात थांबला, आणि मी अजून भुकेला दिसल्यावर त्यांनी वर दोन बारके डाव एकदम टाकले. खाणवाल्याच्या बायकोचा हात. मोजून वाढणारा, आणि कुठं थांबायचं नाही ते जाणणारा.

"म्हातारी खोटं बोलत नाही," मी बाहेर येऊन म्हटलं. "आता तुझं बोल, सरपंच. पैज कोण हरत होतं? तू. मागच्या अंगणात कोबी खारवायच्या टाक्या कोणाच्या? तुझ्या. खारं पाणी उतू जातंय इतकं कोणाकडे? तुझ्याकडे."

नामगुंगचा चेहरा त्याच्या रश्श्यासारखा लाल झाला. "मी? अरे, टाकीतनं पाणी डोंगरावर नेऊ कसं, तोंडात धरून? माझे गुडघे बघ."

"गुडघ्यांचं आडनावही नामगुंगच ना? त्यांनाही काळजी असणार."

"मानगिल, तू माझा बाप काढ, पण खुनी म्हणू नकोस. त्या वाफ्यांशेजारी मी रोज जाऊन बसायचो."

"कशाला?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "बघायला. कुठं कमी पडतंय का. मग कधी कधी... तो तिसरा वाफा आहे ना, त्याला वाकून बघितलं की मातीत गांडूळ दिसायचं. त्या डोंगरात गांडूळ. मी माझ्या बायकोला नेऊन दाखवलं."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा.

"पैज जिंकायला मी मारले असते तर सहाच्या सहा मारले असते," तो म्हणाला. "एक हिरवा ठेवून मी हरलोच ना?"

जिननं एकदम मान वर केली. "परत बोला."

"काय? हरलोच ना?"

"त्याच्या आधीचं. सहाच्या सहा." ती आता आमच्याकडे बघतच नव्हती. "मानगिलभाऊ, सोजू दारूच्या दोन रिकाम्या बाटल्या आणा. बुचांसकट."

५

एका बाटलीत तिनं पाचव्या, जिवंत वाफ्यातली माती घातली आणि आजींचं मीठ मिसळलं. दुसरीत मेलेल्या वाफ्यातली माती, आहे तशी. दोन्ही झऱ्याच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतल्या, वरचं पाणी ओतून दिलं, शेवटी ताजं पाणी भरून मला दिल्या.

"हलवा. सरपंचाची मान समजून."

मी मन लावून हलवल्या. मग त्या खिडकीत ठेवल्या आणि आम्ही कोबी चिरत बसलो, कारण नामगुंगनं फुकट जेवण देतो म्हणून सांगून कामाला लावलं होतं.

दुपारी आजींच्या मिठाची बाटली अजून गढूळच होती, चहासारखी. मेलेल्या वाफ्याची बाटली बघून नामगुंगनं बूच काढून वास घेतला. त्याला वाटलं मी बदलून सोजू भरली. पाणी तितकं स्वच्छ होतं, माती तळाशी गपगार बसलेली.

"म्हणजे?" त्यानं विचारलं.

"समुद्राच्या मिठानं मातीचे बारीक कण एकमेकांना सोडतात," जिन म्हणाली. "धुतल्यावर ते पाण्यात तरंगत राहतात, खाली बसतच नाहीत. खारवलेल्या कोबीच्या पाण्यातही तेच मीठ. दुसऱ्या बाटलीत वेगळं मीठ आहे. ते कणांना धरून ठेवतं. हिवाळ्यात घाटात बर्फावर टाकतात ते. आणि कपाटात दमट होऊ नये म्हणून डबी ठेवतो ना आपण? जी हवेतलं पाणी पिते आणि भरत जाते? त्या डबीतलं तेच."

म्हणून माती ओलसर चिकट होती, पाऊस नसताना.

मी गाडी काढली. घाटातल्या वळणावर त्या मिठाच्या पोत्यांची पेटी असते, कुलूप नसतं. हिवाळ्यापर्यंत ती कोणी उघडत नाही. झाकणावरची धूळ पुसलेली होती, आणि पोती कमी.

"झालं," नामगुंग म्हणाला. "म्हणजे कोणीही असेल. पेटी सगळ्यांचीच."

"कोणीही नाही," जिन म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. पैज जिंकायची तर सहाही मारायचे. आजींना डोंगराचा राग असता तर सहाही मारायचे. ज्याला फरक पडतो राखेचे कुठले आणि गोळ्यांचे कुठले, तोच निवडून तीन मारील. राखेचे पहिला, तिसरा, पाचवा. मेले कुठले?"

"पहिला, तिसरा आणि त्याच्या शेजारचा," मी म्हटलं. "शेजारचा तर गोळ्यांचा. आणि तुमचा पाचवा जिवंत."

"म्हणजे त्याचा एक चुकला. कसा चुकला? गवत कापलेलं, धुकं गच्च. ज्याला माती ओळखता येत नाही तो काय बघेल?"

आम्ही चढत होतो. मी धापा टाकत होतो, ती नाही. माथ्यावर पोचल्यावर ती रांगेच्या सुरुवातीला उभी राहिली. तिच्या तोंडावर असं हसू होतं की मी एक पाऊल मागं सरलो.

"मानगिलभाऊ, तुमच्या पाट्या वाचा. मोठ्यानं."

मी वाचल्या. "एक. दोन. तीन. पाच. सहा. सात."

६

आता कोणी म्हणेल, मानगिलला मोजता येत नाही. येतं. पण आमच्या बोलीत चार आणि मरण एकाच आवाजात बोलतात. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये तो मजला नसतो. खाणवाल्याच्या डब्यात बायका तेवढे डाव भात कधी घालत नाहीत. मग मी मेलेल्या माणसांच्या डोंगरावर तो आकडा रंगवून ठोकू? माझा ब्रशच चालला नाही. ह्या गोष्टीच्या वर घातलेले आकडेही एकदा बघून घ्या. माझा हात अजून तसाच आहे.

"माझ्या नकाशात मी सरळ एक ते सहा लिहिलं," जिन म्हणाली. "सहा वाफ्यांत सात नंबर कुठून आला असं शहरात कोणीतरी विचारलं असतं. राखेचे एक, तीन, पाच. तोच नकाशा विद्यापीठात पडद्यावर लावला होता. माझ्या चित्रावर वर नाव गु सरांचं."

म्हणजे मारणाऱ्यानं पाट्यांवरचे एक, तीन आणि पाच मारले. आणि माझी पाच नंबरची पाटी बसली होती गोळ्यांच्या वाफ्यावर. त्यानं आपलंच पोर मारलं होतं.

मला फोन आठवला. "तुम्ही फक्त वाफे मेले म्हणालात. किती ते कुठं सांगितलंत? ते म्हणाले, तुझे तिन्ही."

"मलाही तेव्हाच खटकलं," ती म्हणाली. "पण मन मानेना. मी त्या माणसाकडून माती हातात धरायला शिकलेय." मग तीच म्हणाली, "नाही. मातीला हात लावताना मी त्याला कधी बघितलंच नाही. तो शिकवायचा, धरायचे आम्ही."

समिती आली त्या दिवशी आधी जेवण नामगुंगकडे होतं, वर जाणं नंतर. अध्यक्षा छा नावाच्या बाई होत्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. गु सर करड्या सुटात आले, सगळ्यांशी लवून बोलले, आणि मला म्हणाले, "मागं डिकीत गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी सणाच्या भेटी आहेत. आणशील जरा?"

मी आनंदानं गेलो. डिकी उघडली. पाऊस पडून किती दिवस झाले होते, तरी खालचा गालिचा चिंब. भेटींच्या खोक्यांची बुडं मऊ पडून फाटायला आली होती. मी बोट लावून चाटलं. खारट, कडू, जीभ भाजणारं. एक खोकं मी तसंच आत नेऊन अध्यक्षाबाईंच्या शेजारी ठेवलं. त्यातून टेबलावर पाणी ठिबकायला लागलं.

"सर," मी लाडात येऊन विचारलं, "आमच्या डोंगरावर कधी पायधूळ झाडलीत का?"

"वसंतात एकदा. वाफे घातले नव्हते तेव्हा. नंतर कुठला वेळ? मी सगळं पडद्यावरच बघतो. आज पहिल्यांदाच वर जाऊ सगळे."

"मग हे कसं झालं बुवा? एक सोनेरी पेन सापडलंय. बारीक अक्षरात तुमचं नाव आहे. वरच सापडलं, चार नंबरच्या पाटीखाली."

चार म्हणताना माझ्या अंगावर काटा आला. पेन-बिन काही नव्हतं.

सरांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. पेन जागेवरच होतं. मग ते हसले, सुटल्यासारखे. "काहीतरी बोलता. चार नंबरची पाटीच नाहीये तिथं."

नामगुंगनं रश्श्याखालची शेगडी बंद केली.

"आम्हाला दाखवलेल्या नकाशात होती," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "एक ते सहा. मला आठवतंय."

"हो, म्हणजे... जिननं सांगितलं मला. पाट्या चुकल्यात म्हणून."

"मी कधीच सांगितलं नाही, सर," जिन म्हणाली. "मला तुमच्यासमोर ह्या लोकांची थट्टा करायची नव्हती. जे वर गेलेत त्यांनाच माहीत आहे की तिथं चार नाही. जे फक्त पडदा बघतात त्यांना वाटतं, आहे."

"सुकयॉन. तू कोणाशी बोलतेयस?"

"ज्यानं माझ्या कामावर आपलं नाव लावलं, त्याच्याशी. तेही मी गिळलं. मला वाटलं नाव गेलं तर गेलं, गवत तरी राहील. तुम्ही गवतसुद्धा मारलंत. आणि धड तेही आलं नाही. सर, त्या पाच नंबरच्या पाटीखाली तुमच्या गोळ्या होत्या. मूठभर माती हातात घेऊन बघितली असतीत तर राख दिसली असती की गोळी, कळलं असतं. वाकायला काय झालं होतं?"

सर उठले. त्यांची गाडी उतरणीला लागली तेव्हा ग्वाक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि सबंध मडकं उपडं केलं. त्या दिवशी मिठाला कोणी नाव ठेवलं नाही.

अध्यक्षाबाई वर चढल्या, सहाव्या नंबरच्या पाटीपाशी सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि हातानं माती उकरली. गांडूळ निघालं. नामगुंगनं असा श्वास सोडला, जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभा होता.

७

सगळं ठीक झालं असं समजू नका. विद्यापीठात गु सरांची चौकशी चालू आहे. चौकशी चालू आहे म्हणजे काय ते आम्हाला चांगलं कळतं, आमच्या खाणीचीही चालू होती. गोळ्यांची खरेदी थांबली एवढं खरं. ओढ्याकडची सगळी उतरंड राखेनं झाकायची परवानगी आली आणि त्या कागदावर नाव एकटं जिन सुकयॉनचं होतं. तिनं ते नाव बोटानं पुसून बघितलं, जातंय का म्हणून. तिचे तास मात्र अजून तासच आहेत, पक्की नोकरी नाहीच. ती म्हणाली, "असू दे, आता मी राखेसाठी तुमच्याच मागं लागणार." मी म्हटलं, माझी गाडी आहे, पण पाट्या दुसऱ्याकडून रंगवून घ्या.

सणाच्या दिवशी बाहेरगावची पोरंबाळं परत आली, चौक भरला. गावाच्या भोंग्यावरून सरपंच रोज पाण्याची वेळ सांगतो. त्या सकाळी तो आत जाईना. त्याची बायकोच त्याला ढकलत होती.

"पैज लावताना मला विचारलं होतंस? जा आता."

भोंगा खरखरला.

"ग्रामस्थहो. पाणी आठ वाजता येईल." मग त्यानं घसा खाकरला. "दुसरं असं की, काळ्या डोंगरावर गवत उभं आहे. मी पैज हरलो. आजपासून मला नामगुंग म्हणू नये. मी किम. किम पिलदो."

मी टाळी वाजवायला हात वर केले होते. पण तो थांबला नाही.

"आमच्या बापानं खाणीत ते नाव मिरवलं. मी ते पाटीवर सोन्यानं लिहिलं. ते सोडताना जड जातंय, खोटं का बोलू? आणि हे तर माझं स्वतःचं होतं, माझ्याच तोंडानं घालवलेलं. एका बाईच्या हातचं काम घेऊन त्यावर स्वतःचं नाव चिकटवताना, आयुष्यभर, एका माणसाला काहीच जड गेलं नाही. त्याला कुठं ऐकू जात असेल तर त्यानं ऐकावं. नाव असं सोडतात."

सोनेरी पाटीवर मी आधीच कागद चिकटवून ठेवला होता, वेडंवाकडं किम लिहिलेला. आता मला तो चिकटवल्याची लाज वाटायला लागली, म्हणून मी तो नीट सरळ केला.

किमांमध्ये नवा किम भेटला की पहिला प्रश्न एकच असतो, मूळ गाव कुठलं. त्यावरून कूळ ठरतं. पुढच्या ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या किमनं काठी आपटली आणि भोंग्याच्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "कुठले किम म्हणायचे तुम्ही?"

खिडकीतून नामगुंगनं वर पाहिलं. ग्वाक आजी डोंगरावर पोचल्या होत्या. हिरव्या वाफ्यासमोर त्यांनी सणाचा भात मांडला होता आणि त्या जमिनीला कपाळ टेकत होत्या.

"काळ्या डोंगराचे," तो भोंग्यावर म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि सरकून बाकावर त्याच्यासाठी जागा केली. तो बाहेर येऊन बसल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. पैज मी जिंकली होती, मी कोणाचं काही देणं लागत नव्हतो.

"उठ दादा," मी म्हटलं, सगळ्यांसमोर. "रस्सा करपतोय."